शेडग्यांचं बी

दुपारचं जेवण झालं की मी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसतो, आणि तीन-चार पानांत माझा डोळा लागतो. प्रमिला, माझी बायको, याला वाचन म्हणायला तयार नाही. आजचं पुस्तक हंगामी फुलझाडांचं आहे. ‘अ‍ॅस्टरचे बी वर्षभरानंतर उगवत नाही,’ असं एक वाक्य त्यात आहे. मी ते दुसऱ्यांदा वाचतो. मग तिसऱ्यांदा वाचायला लागतो, पण ‘वर्षभरानंतर’च्या पुढे काही जाता येत नाही. चष्मा नाकावर घसरतो. आत मोरीत प्रमिला भांडी विसळते आहे, तो आवाज लांब लांब जातो, आणि मग तो भांड्यांचा राहत नाही, झारीतून पडणाऱ्या पाण्याचा होतो.

“काय वाचनालय,” कुणीतरी विचारतं, “आज उघडं का बंद?”

मला या नावानं हाक मारणारा माणूस एकच होता. मी डोळे न उघडता ओळखतो. रंगनाथ शेडगे तारेच्या कुंपणाला टेकून उभे आहेत. अंगात एसटीचा जुना खाकी स्वेटर, कोपरांवर उसवलेला. हातात झारी.

“तुम्ही...” मी म्हणतो.

“हो, गेलो. त्याला आता चार महिने झाले. चहा मिळणार आहे का, तेवढं सांगा.”

तुम्हाला ते कोण हे सांगायला हवं. सव्वीस वर्षं आमच्या घराला लागून त्यांचं घर. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. दोघांच्या घरापुढे सारखीच चार हात रुंद, दहा हात लांब जागा, मध्ये तार. त्यांच्या बाजूला पावसाळ्यात तेरडा आणि झेंडू, दिवाळीपासून होळीपर्यंत अ‍ॅस्टर, झिनिया, फ्लॉक्स, पिटुनिया. माझ्या बाजूला पाट्या. मी प्रत्येक वाफ्यात झाडाच्या नावाची पाटी लावायचो, पाट्या छान टिकायच्या. रोपं दोन पानांवर आली की मानेत मोडून आडवी पडायची. पुस्तकात त्याला ‘मर’ म्हणतात. मी या विषयावरची अकरा पुस्तकं वाचली आहेत. शेडग्यांनी एकही वाचलं नव्हतं.

आणि रोज सकाळी तारेवरून परडी यायची. “वहिनी, देवाला.” प्रमिला ती घ्यायची, देव सजवायची, आणि परडीतलं एक फूल स्वतःच्या अंबाड्यात खोवायची. सव्वीस वर्षं माझ्या बायकोच्या केसांत दुसऱ्याच्या बागेतलं फूल होतं, आणि मला बोलायला जागा नव्हती, कारण फुलं देवाला दिलेली होती. गैरसमज नको. संशय वगैरे मोठ्या शब्दांएवढी माझी ऐपत नाही. माझी जळजळ लहान होती, एका अ‍ॅस्टरएवढी. पण रोज ताजी.

“चहा प्रमिला करेल,” मी म्हणतो. “ती आत आहे.”

“आत कुठे? त्या बघा.”

मी बघतो. प्रमिला शेडग्यांच्या बागेत उकिडवी बसली आहे. केस काळे आहेत. ती वाफ्यातलं गवत काढते आहे, माझ्या बागेत कधी काढलं नाही इतकं मन लावून. मी हाक मारतो, पण घशातून नुसतं वाचनालयातलं ‘शू’ निघतं, गप्प बसा असं सांगणारं. ती मान वर करत नाही.

“तिथे तर फरशा आहेत आता,” मी शेडग्यांना म्हणतो. हे सांगताना मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटते. शेडगे गेल्यावर महिन्याभरात त्यांच्या मुलानं पुढची सगळी जागा गाडी लावायला फरशा टाकून घेतली. एक वीत माती उरलेली नाही.

“असू देत की. गाडी पण चिखलात नको उभी राहायला.” ते तारेवरून सहज पाय टाकून माझ्या बाजूला येतात. “पाकीट उघडलंत?”

या प्रश्नाचीच मला भीती होती.

पाकीट म्हणजे असं. आषाढात इंदुवहिनी, त्यांच्या पत्नी, आमच्याकडे आल्या. पदराखालून एक घडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. एसटीच्या कुठल्याशा जुन्या फॉर्मचा कागद दुमडून, खळ लावून घरी केलेलं पाकीट. वर मेकॅनिकच्या जाड अक्षरात लिहिलेलं, ‘जांभळा. वाचनालयाला.’ वहिनी म्हणाल्या, “दवाखान्यात जाताना यांनी सांगून ठेवलं होतं. शेवटचं बी आहे, भावोजी. तुम्हीच टाका.” मी मान हलवली, आणि पाकीट टेबलाच्या खणात चष्म्याच्या जुन्या घरांखाली ठेवून दिलं. त्याला तीन महिने झाले.

“पितृपक्ष चालू आहे,” मी शेडग्यांना सांगतो. “या दिवसांत नवं काही सुरू करू नये.”

“तुम्ही कधीपासून पाळायला लागलात?”

शेडगे दरवर्षी मुद्दाम पितृपक्षातच अ‍ॅस्टरचं बी टाकायचे. आळीतल्या बायका नाक मुरडायच्या. ते म्हणायचे, पितरांना काय नुसती खीरच लागते? फुलं नको असतात? आणि संक्रांतीला अख्खी आळी त्यांच्या फुलांसाठी तारेपाशी उभी राहायची.

“नवरात्र बसायच्या आत पडायला हवं,” ते म्हणतात. “पाच दिवस आहेत. पुढच्या वर्षी ते बी म्हणजे भुसा.”

“माहीत आहे. वाचलं मी.”

“मग?”

मी उठतो आणि चालायला लागतो, म्हणजे उत्तर द्यावं लागू नये. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या उतरतो, आणि तिसरी पायरी वाचनालयाची आहे. मोठा हॉल, लाकडी कपाटं, भिंतीवरचं बंद घड्याळ. निवृत्त झालो तसंच सगळं. फक्त कपाटांतली पुस्तकं ओली आहेत. प्रत्येकाच्या खालून पांढरी मुळं लोंबताहेत आणि फळ्यांवर पाणी साचलं आहे. शेडगे माझ्यामागून येतात, चिखलाच्या चपला पायात तशाच. मी वर्षानुवर्षं लोकांना चपला बाहेर काढायला लावल्या. त्यांना सांगायची हिंमत होत नाही.

“मोठं आहे हो तुमचं,” ते म्हणतात. सव्वीस वर्षांत ते एकदाही वाचनालयात आले नव्हते.

मी सूचीच्या कपाटाचा खण ओढतो. त्यात कार्डं उभी आहेत, पण कार्डांवर नावं नाहीत. प्रत्येकावर एकेक आडवं पडलेलं रोप चिकटवलं आहे, दोन पानांचं, मानेत मोडलेलं. ही सगळी माझी आहेत. तारखा माझ्या अक्षरात आहेत. खण ओढत जावं तसा तो संपतच नाही.

“एवढी मेली?” शेडगे विचारतात. त्यांच्या आवाजात थट्टा नाही, हे जास्त लागतं.

“तुमच्या हाताला गुण होता,” मी म्हणतो. हे प्रमिलाचं वाक्य आहे. ते माझ्या तोंडात कडू लागतं. “ते बी मी टाकलं आणि उगवलं, तर लोक म्हणतील शेडग्यांचे अ‍ॅस्टर. नाही उगवलं, तर म्हणतील याने मारले. उगवलं तर तुमचं, मेलं तर माझं. कशाला टाकू?”

“हाताला कसला गुण? तुम्ही पाणी वरून मारता. झारी उंच धरून, दिवसातून चार वेळा. रोपाला काय आंघोळ घालायची असते? राख चाळून बी झाकायचं. वर ओलं गोणपाट टाकायचं, सहा दिवस. सातव्या दिवशी संध्याकाळी काढायचं, दुपारी नाही. झालं.”

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“दरवर्षी सांगितलं. तुम्ही म्हणायचात, हो हो, वाचलंय मी.”

हे खरं आहे. मी तसं म्हणायचो.

मी खण लोटतो. तो बंद होताना कपबशांसारखा आवाज होतो, आणि हॉल हळदीकुंकवाच्या बायकांनी भरून जातो. वाचनालय राहत नाही. ही शेडग्यांची बैठकीची खोली आहे, नऊ वर्षांपूर्वीची संक्रांत. तिळगुळाचे डबे, गुलाबदाणी, ओटीतले हरभरे. बायका माझ्या आरपार बघताहेत. मी आत कसा? मी तर त्या दिवशी बाहेर होतो. तारेपाशी, काळोखात, खिडकीतून बघत.

आता हे सांगणं टळणार नाही, तुम्हालासुद्धा.

शेडग्यांची एक रीत होती. दरवर्षी बहरातलं सगळ्यात सुंदर फूल ते बियाण्यासाठी धरायचे. आपल्या जुन्या खाकी स्वेटरची लोकर उसवून त्याच्या देठाला सैल बांधायचे. लोकर बांधलेलं फूल कुणी तोडायचं नाही. देवालासुद्धा नाही. ते झाडावरच वाळायचं आणि त्याचं बी पुढच्या वर्षी. त्या वर्षी एक जांभळा अ‍ॅस्टर आला होता, बशीएवढा. प्रमिला रोज सकाळी तारेपाशी जाऊन त्याच्याकडे बघायची. एका सकाळी म्हणाली, “असं एक फूल आयुष्यात कुणी आपल्याला दिलं तर!” ती मला म्हणाली नव्हती. परडी हातात धरून अशीच, हवेत म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी शेडगे पेन्शनसाठी बँकेत गेले, तेव्हा मी तारेतून हात घातला. आधी लोकर सोडवायला गेलो. गाठ सुटेना. शेवटी नखांनी देठ तोडला, लोकर त्यावरून ओघळून कुठेतरी पडली, आणि मी घरात आलो. प्रमिलाला म्हणालो, “मंडईत दिसलं.”

तिनं ते घेतलं. अंबाड्यात खोवलं. आणि मग म्हणाली, “बरं झालं, आज इंदुवहिनींकडे हळदीकुंकू आहे.”

मी सगळ्याचा विचार केला होता. तेवढा एक नाही.

“बघा, आल्या,” शेडगे माझ्या कानाशी म्हणतात.

प्रमिला दारातून आत येते. केसांत ते फूल. माझ्याच्यानं बघवत नाही आणि नजर हलत नाही. खोलीत दुसरे शेडगे आहेत, नऊ वर्षांनी तरुण, पाण्याचे पेले घेऊन स्वयंपाकघरातून येणारे. ते थांबतात. फुलाकडे बघतात. त्या संध्याकाळी खिडकीतून मला एवढंच दिसलं होतं. ते थांबले, त्यांनी प्रमिलाला काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी उत्तर दिलं, आणि ती हसली. खिडकी बंद होती. तिचं ते हसणं मी आवाजाशिवाय पाहिलं. मान थोडी मागे टाकून, डोळे मिटून. माझ्याशी बोलताना ती तशी हसल्याचं मला आठवत नाही. नऊ वर्षं मी ते हसणं मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यांनी काय म्हटलं? काय म्हटलं म्हणजे माझी बायको अशी हसते?

आताही ओठ हलताहेत आणि आवाज नाही. मी बायकांच्या मधून पुढे जायला बघतो. पाय तारेत अडकले आहेत.

“शेडगे,” मी म्हणतो, “ते फूल मी तोडलं.”

“मग, दुसऱ्या कुणी? मंडईत आमचा जांभळा मिळायला लागला असता तर मी मोटार घेतली असती.”

“तुम्ही बोलला नाहीत कधी.”

“काय बोलायचं? बोलून ते देठाला चिकटलं असतं? दुसऱ्या नंबरचं फूल धरलं मी त्या साली. आलं तेही.” ते गुडघ्यावर हात ठेवून खाली बसतात, वर्कशॉपमध्ये गाडीखाली बघायला बसावं तसे. “दुसऱ्या दिवशी सकाळी तारेखाली लोकर सापडली. तुमच्या बाजूला. गाठ तशीच. म्हटलं, वाचनालयाला गाठसुद्धा सुटली नाही.”

“तिला काय म्हणालात तुम्ही?” मी विचारतो. माझा आवाज चढला आहे. “त्या संध्याकाळी. तुम्ही काय म्हणालात आणि ती हसली?”

शेडगे माझ्याकडे वळतात. त्यांच्या मागची खोली मावळते आहे. बायका, डबे, गुलाबदाणी, सगळं पावसात धुतलेल्या भिंतीसारखं फिकट होतंय.

“विचारलं, वहिनी, फूल कुठलं? त्या म्हणाल्या, ह्यांनी आणलं. आणि हसल्या.”

“एवढंच?”

“एवढंच. ‘ह्यांनी आणलं’ म्हणाल्या आणि हसल्या.” ते झारी उचलून हलवून बघतात. ती रिकामी आहे. “सतरा वर्षं परड्या दिल्या मी. थंडी नाही, ताप नाही. ‘छान आहेत हो भावोजी’ म्हणायच्या. बस. असं हसणं आमच्या फुलांना कधी मिळालं नाही. त्या दिवशी मी जळलो तुमच्यावर. माझंच फूल, आणि तुमचं नाव.”

मला हे ऐकायचं होतं. इतकं ऐकायचं होतं, की त्यामुळेच माझा विश्वास बसत नाही. झोपेतसुद्धा माझ्यातला शंकेखोर माणूस जागा असतो. स्वप्न माझं आहे, मी मनात म्हणतो. खुर्ची माझी, झोप माझी. मेलेल्या माणसाच्या तोंडी मी मला हवं ते घालतोय.

“हे मीच रचतोय,” मी त्यांना सांगतो.

“असेल बुवा. तुम्ही वाचलेले लोक.” ते उठतात. “पाकीट तर तुम्ही रचलेलं नाही ना? उघडा. लोकर आहे त्यात.”

“कसली लोकर?”

ते तारेवरून पाय टाकतात. पलीकडे फरशा आहेत, आणि फरशांवर ते उभे राहिल्याबरोबर त्यांच्या चपलांचा चिखल वाळायला लागतो.

“शेडगे, चहा...”

“सातव्या दिवशी. संध्याकाळी. दुपारी काढलंत तर कोमेजतील,” ते म्हणतात, आणि आत कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज होतो.

भांडं आमच्या मोरीत पडलं आहे. पुस्तक माझ्या मांडीवरून खाली घसरलं आहे. तोंड कोरडं. समोर शेडग्यांच्या मुलाची गाडी फरशांवर उन्हात उभी आहे. मी उठून टेबलाकडे जातो, खण ओढतो, चष्म्याची घरं बाजूला सारतो.

खळ वाळून कडक झाली आहे. नखानं उचकटताना कागद जरासा फाटतो. मी पाकीट टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर उलटं करतो. चिमूटभर बारीक, टोकदार, मळकट बी पडतं. आणि त्याच्यावर, सगळ्यात शेवटी, लोकरीचं एक कडं.

खाकी. करंगळीएवढं. गाठ तशीच.

मी खुर्चीत बसतो. स्वतःला समजावतो, की इतक्या महिन्यांत हे पाकीट मी कितीदा बोटांनी चाचपलं असेल, आत मऊ काहीतरी लागलं असेल, मनानं ते ओळखून ठेवलं असेल. होऊ शकतं. तसं पुस्तकांतही सांगितलेलं असतं. पण लोकर इथे आहे, हे काही मी रचलेलं नाही. ती त्यांना सापडली होती. त्यांना माहीत होतं. नऊ वर्षं तारेवरून परडी देताना, मला वाचनालय म्हणताना, माहीत होतं. आणि जाताना आपलं शेवटचं बी चोरालाच देऊन गेले. माफ करण्यातसुद्धा हा माणूस माझ्या पुढे. मला पुन्हा जुनी जळजळ होते, अगदी ताजी.

पण त्यातून एक दुसराच विचार डोकं वर काढतो. लोकरीचं त्यांनी सांगितलं ते खरं निघालं. मग दुसरं जे सांगितलं, ते... मी तो विचार पुढे नेत नाही. तो फार नाजूक आहे, दोन पानांचा.

“प्रमिला,” मी हाक मारतो. “घरात गोणपाट आहे का गं?”

ती पदराला हात पुसत दारात येते. अंबाड्यात काही नाही. चार महिने काही नाही. तिची नजर टेबलावर जाते, फाटलेल्या पाकिटावर, बियांवर.

“तांदळाचं आहे जुनं. कशाला?”

“ओलं करून झाकायला. आणि चुलीतली राख कुणाकडे मिळेल का? चाळून हवी.”

“पितृपक्षात?”

“पितरांना काय नुसती खीरच लागते?”

ती माझ्याकडे बघते. मग म्हणते, “पट्टी पण आणू का? मागच्या वेळी पाव इंच, पाव इंच करत मोजून पेरलं होतंत.”

आणि ती हसते. मी बी सांडू नये म्हणून वर्तमानपत्राची कड धरून उभा आहे, त्यामुळे मला धड वळता येत नाही. पण मान थोडी मागे गेलेली दिसते. आवाज ऐकू येतो. या वेळी मध्ये काच नाही.

ती गोणपाट आणायला जाते. मी लोकरीचं कडं करंगळीत घालतो, नीट बसतं. जांभळा फुलला, तर त्यातलं सगळ्यात चांगलं फूल बियाण्याला धरायला ही लोकर लागेल. पुन्हा बांधायची तर आधी सोडवायला हवी. मी डाव्या हाताच्या नखांनी खटपट करतो.

गाठ काही केल्या सुटत नाही.